फ्लॉवरचा पाला फेकू नका

महोदय,
लक्ष्मी मंडईत फ्लॉवर घेताना गिऱ्हाईकच 'पाला काढा, पाला काढा' म्हणून मागे लागतं. मी तो मागून आणते. कोवळी पानं आणि दांडे बारीक चिरायचे, लसणाची फोडणी, भिजवलेली मूगडाळ, वरून शेंगदाण्याचं कूट. कडक भाकरीबरोबर ही भाजी फ्लॉवरपेक्षा सरस लागते, निदान आमच्या घरी तरी! तुरे मात्र मीठ-हळदीच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवावेत, लपलेल्या अळ्या बाहेर येतात. काळ्या मसाल्याच्या रश्शात ते शेवटी टाकावेत. फार वेळ उकळले की गंधकाचा उग्र वास सुटतो. लग्नाच्या पंगतीत तोच वास मांडवाबाहेर येतो. आचाऱ्यांनी एवढं तरी ऐकावं.

– एक गृहिणी, साखर पेठ, सोलापूर