लष्करी कायद्याच्या त्या रात्रीनंतरचे वर्ष

सोल (दक्षिण कोरिया), ३ डिसेंबर २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या वर्षी आजच्याच रात्री राष्ट्राध्यक्ष यून सक-यॉल यांनी लष्करी कायदा जाहीर केला, तेव्हा तुमच्या फोनवर ‘मी सुखरूप आहे’ यापलीकडे मला काही सांगता आले नाही. आणीबाणीचा विषय निघाला की बाबा अजूनही अस्वस्थ होतात, म्हणून इथे काय घडले ते आज सविस्तर कळवते.

राजकीय हालचालींवर बंदी आणि वृत्तपत्रांवर लष्कराचे नियंत्रण, असा तो हुकूम होता. १९८० साली ग्वांगजूमध्ये लष्कराने नागरिकांवर गोळ्या झाडल्या, ते पाहिलेली माणसे अजून हयात आहेत. त्यामुळे या हुकमाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. मात्र येथील राज्यघटनेच्या ७७व्या कलमानुसार संसदेच्या एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी मागणी केली, तर राष्ट्राध्यक्षांना लष्करी कायदा उठवावाच लागतो. प्रश्न एवढाच होता, की ३०० पैकी १५१ सदस्य सभागृहात पोहोचतात की नाही, कारण फाटकांवर पोलीस होते. ६७ वर्षांचे सभापती वू वन-शिक कुंपण चढून आत गेले आणि हजारो माणसे कडाक्याच्या थंडीत सैनिकांच्या वाटेत उभी राहिली. रात्री एकच्या सुमारास उपस्थित १९० सदस्यांनी एकमताने ठराव केला. पहाटे हुकूम मागे घेतला गेला. बाबा, आपल्याकडे १९७५ मध्ये विरोधी नेते रातोरात तुरुंगात गेले आणि संसदेने मागाहून शिक्कामोर्तब केले. इथे संसद त्याच रात्री बसू शकली, हे मला फार मोलाचे वाटते.

१४ डिसेंबरला संसदेत यून यांच्यावरचा महाभियोग २०४ मतांनी मंजूर झाला. परदेशी नागरिकांना इथे राजकीय कार्यात भाग घेता येत नाही, म्हणून मी निदर्शनांपासून दूरच राहिले. परंतु संसदेजवळच्या कॉफीच्या दुकानात मालकीणबाईंनी माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. निदर्शकांसाठी कोणी अनोळखी व्यक्तीने शंभर कप कॉफीचे पैसे आधीच भरून ठेवले होते. मी निदर्शक नाही असे सांगूनही त्यांनी कप माझ्या हातात ठेवलाच.

पुढचे आठवडे फार कठीण गेले. हंगामी राष्ट्राध्यक्षांवरही महाभियोग झाला आणि दोनच दिवसांनी, २९ डिसेंबरला, मुआन विमानतळावरच्या अपघातात १७९ माणसे गेली. देश शोकात असताना कारभार हंगामी प्रमुखाच्याही बदली माणसाकडे होता. तरीही महाभियोगावर अंतिम निर्णय देणाऱ्या घटना न्यायालयाने घाई केली नाही. ४ एप्रिलला आठही न्यायमूर्तींनी एकमताने यून यांना पदच्युत केले, आणि नागरिकांचा प्रतिकार व सैनिक-पोलिसांचा संयम यांमुळेच संसद वेळेत ठराव करू शकली, अशी नोंद निकालपत्रात केली. ३ जूनच्या निवडणुकीत ७९ टक्क्यांहून अधिक मतदान झाले, ली जे-म्यंग निवडून आले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी कारभार हाती घेतला. यून कोठडीत असून त्यांच्यावरचा खटला अजून चालू आहे.

आई, परत कधी येणार असे तू दर फोनवर विचारतेस. नोकरीचा करार मी आणखी दोन वर्षांनी वाढवून घेतला आहे. या देशावरचा माझा विश्वास या वर्षाने वाढवला. दिवाळीला मात्र नक्की येईन.

बाबा, १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीनंतर आपल्याकडेही मंत्रिमंडळाच्या लेखी निर्णयाशिवाय आणीबाणी पुकारता येत नाही. त्या वेळी तुमच्या बँकेतल्या मंडळींमध्ये त्यावर काय बोलणे होत असे, ते पुढच्या पत्रात सविस्तर लिहा.

तुमची,
मेघना