नकाशावर सही करायच्या आधी

ती. आप्पा आणि आईस,
सा. न.

आप्पा, ज्येष्ठ नागरिक भवनाच्या नकाशाचा फोटो मिळाला. संघातर्फे सूचना तुम्हीच देणार आहात, म्हणून हे सविस्तर लिहिते. फोटोवर पट्टी लावून मोजू नका, मोबाइलवर माप बदलतं. पंचायतीत मूळ कागद मागून घ्या. प्रमाण 1:100 आहे, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर हा जागेवरचा एक मीटर. शब्द कानडीत असले म्हणून काही अडत नाही. मेट्टिलु म्हणजे पायरी, बागिलु म्हणजे दार, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, आणि आकडे काय, सगळीकडे तेच.

पहिली गोष्ट रॅम्प. जोतं 600 मिलिमीटर उंच दाखवलंय आणि रॅम्पची लांबी 2400. भागून बघा, चारास एक चढ येतो. एवढ्यावर मोटरसायकल चढेल. चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याच्या अंगावर मागं येईल, आणि काठी टेकत उतरणारा पुढं ओढला जाईल. नियमानं जास्तीत जास्त बारास एक चालतो. म्हणजे 600 ला 7200, आपले 24 फूट, शिवाय वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा. रस्त्यापर्यंत पुढं तेवढी जागाच नाही, म्हणून तो कसातरी कोंबलाय. दोन वाटा आहेत. एक म्हणजे पूर्वेच्या भिंतीलगत घडी घालायची: 3.6 मीटर चढ, दीड मीटर सपाट, वळून परत 3.6 मीटर. प्रत्येक पट्टा आतून किमान 1200 रुंद हवा, म्हणजे मधल्या कठड्यासकट पावणेतीन मीटर जागा जाईल. दुसरी वाट जोतं 450 वर आणायची. मग रॅम्प 5.4 मीटरात बसतो आणि पायऱ्या 150 च्या तीनच होतात. बेळगाव-खानापूरकडच्या पावसाला भिऊन लोक जोतं खाली आणायला तयार होत नाहीत, आणि सखल जागेत ते बरोबरच आहे. ही जागा शाळेशेजारच्या उंचवट्यावर आहे. जुलैत तिथं पाणी थांबत नसेल आणि भोवतीनं गटार घेणार असतील, तर मी 450 च मागेन. पाण्याचं तुम्ही स्वतः पाहिलेलं आहे, तेव्हा ते तुम्हीच ठरवा.

कठडा रॅम्पच्या दोन्ही बाजूंना हवा, कारण अर्धांगवायू झालेल्याचा एकच हात चालतो आणि जाताना धरलेली बाजू येताना उलटी पडते. पाइप गोल, दीड इंची. चौकोनी जाड पाइप दिसायला भक्कम, पण म्हाताऱ्या मुठीत मावत नाही. उंची 900, त्याखाली 700 वर दुसरा, आणि दोन्ही टोकांना रॅम्प संपल्यावर 300 पुढं आलेला.

आता संडास. इमारतीमागं वेगळा, तीन बाय चार फूट, उकिडवं बसायचा, दार आत उघडणारं. आई, तू अशा ठिकाणी जाणार नाहीस आणि मग भवनातही जाणार नाहीस, हे मला माहीत आहे. आत माणूस पडला तर त्याच्याच अंगानं दार अडतं, बाहेरून कुणाला उघडता येत नाही. म्हणून दार बाहेर उघडणारं, 900 रुंद, कडी बाहेरूनही काढता येईल अशी. बायकांचा वेगळा आणि दोन्ही व्हरांड्यातूनच, पावसात भिजत जायला नको. त्यातला निदान एक 2.2 बाय 2 मीटरचा, कमोडची बैठक जमिनीपासून 450 ते 480. आधाराचा दांडा लावायचा तिथं भिंतीत आधीच काँक्रीटचा ठोकळा बसवायला सांगा. चार इंची विटेच्या भिंतीत किंवा जांभ्याच्या चिऱ्यात नुसता पेच मारला, तर माणसाचं वजन पडल्यावर दांडा हातात येतो. प्लास्टर झाल्यावर मग कोण फोडतो?

छप्पर पत्र्याचं आहे. झड लागली की त्याखाली बोललेलं कानाला मशीन असणाऱ्याला तर काहीच कळत नाही. खाली छत घेणार आहेत का ते विचारा.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे एस्टिमेट. नकाशात काढलेलं पण एस्टिमेटमध्ये नसलेलं काही बांधलं जात नाही. ठेकेदाराला पैसे एस्टिमेटमधल्या बाबींचे मिळतात, चित्राचे नाही. नकाशासोबत तेही मागा आणि एकेक बाब ताडून बघा: कठडा किती मीटर, दांडे किती नग, व्हरांड्याला खरखरीत फरशी असं शब्दात लिहिलंय का. नुसतं ‘टाइल्स’ असेल तर गुळगुळीतच येणार, आणि ओल्या पायांनी पहिल्याच पावसात कुणीतरी घसरणार. तांत्रिक मंजुरी झाली की प्रत्येक बदलाला सुधारित एस्टिमेट लागतं आणि फाइल परत वर जाते. म्हणून जे काय सांगायचं ते आत्ताच.

तोंडी सांगून येऊ नका. अर्ज मराठीत लिहा, सोबत कानडी प्रत जोडा, म्हणजे भाषेचं निमित्त उरणार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चं कलम 44 त्यात लिहा: सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या नकाशाला बांधकामाची परवानगी देता येत नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय उठायचं नाही. ग्रामसभेत विषय निघाला तर इतिवृत्तात मापांसकट लिहून घ्या. ‘योग्य रॅम्प द्यावा’ एवढंच लिहिलं तर आत्ताचा रॅम्पही योग्यच ठरेल. एस्टिमेट दाखवायला टाळाटाळ केली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, फी 10 रुपये. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द चालतात, तेव्हा थोडक्यात लिहा.

जाताना आईला सोबत न्या. पंचायतीच्या पायऱ्या किती उंच आहेत ते टेपनं मोजा आणि कुठल्या पायरीवर ती थांबते ते बघा. तोच आकडा इंजिनिअरला सांगा. टेप कपाटाच्या वरच्या खणात आहे.

तुमची,
ताई