ऑगस्टमध्ये गाडी मी चालवणार आहे

सॉल्ट लेक सिटी

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर ही गोष्ट नीट सांगून होणार नाही. आई मध्येच घाबरेल, माझं बोलणं अर्ध्यावर राहील. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाचा, दोघं मिळून वाचा.

शनिवार-रविवार मी ज्या गॅरेजमध्ये असते तिथली गाडी आता बहुतेक तयार झाली आहे. येत्या ऑगस्टमध्ये आम्ही ती बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर वेग मोजायला नेणार आहोत आणि ती मी चालवणार आहे. आजवर 'आम्ही काहीजण मिळून गाडी बांधतोय' एवढंच तुम्हाला माहीत होतं. कुणाच्या तरी मोबाइलवरच्या फोटोवरून तुम्हाला कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, आणि सगळं कळावं.

बोनव्हिल इथून पश्चिमेला, दोन तासांच्या आतबाहेर, नेवाडाच्या सीमेवरच्या वेंडोव्हर गावाजवळ आहे. फार पूर्वी तिथे भलामोठा तलाव होता. तो आटला आणि मीठ मागे राहिलं. हिवाळ्यात त्यावर पाणी साचतं, उन्हाळ्यात ते सुकतं आणि सुकताना मिठाचा नवा, सपाट थर धरतो. ना झाड, ना दगड, ना चढ. 1935 साली माल्कम कॅम्पबेल या इंग्रजाने इथेच जमिनीवर ताशी 300 मैलांच्या वर गाडी नेली, जगात पहिल्यांदा. पण मला त्याच्यापेक्षा दुसऱ्याच लोकांचं कौतुक आहे. दक्षिण कॅलिफोर्नियातली गॅरेजवाली पोरं जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड उतरवून वाळवंटातल्या कोरड्या तलावांवर त्या पळवायची. 1937 मध्ये त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन वेग मोजायला सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली, आणि 1949 पासून ती बोनव्हिलला स्पीड वीक, म्हणजे वेग मोजण्याचा आठवडा, भरवते. आजही तिथे राबणारे लोक पगारी नसतात. बक्षिसाची रक्कम नसते. आई, 'मग मिळतं काय?' हे तू विचारणारच. रेकॉर्ड मोडलं तर पुस्तकात नाव लागतं. नाही मोडलं तर वेग छापलेली एक चिठ्ठी हातात देतात. त्या चिठ्ठीसाठी माणसं वर्षानुवर्षं घरचे पैसे घालतात, आणि मला ते पूर्ण पटतं.

बाबा, तुम्हाला बिल बर्कची गोष्ट आवडेल. महायुद्धात लढाऊ विमानांच्या पोटाखाली जादा पेट्रोलच्या टाक्या लावत. लांब जायचं असलं की भरायच्या, रिकाम्या झाल्या की टाकून द्यायच्या. बर्कने त्या पॅसिफिकमध्ये पाहिल्या होत्या. हवा कापायला इतका चांगला आकार आयता मिळतोय हे त्याने हेरलं, आणि 1946 मध्ये भंगारातल्या तशा एका टाकीत इंजिन आणि माणूस बसवून गाडी केली. पुढे त्यापेक्षा मोठी, पी-38 विमानाची टाकी घेऊन इंजिन मागे टाकलं. तिथून जी जात सुरू झाली तिला लेकस्टर म्हणतात. अंग निमुळतं, चाकं उघडी. चाकं झाकली की ती स्ट्रीमलायनर होते आणि तिचा वर्ग वेगळा. आमची लेकस्टर आहे. टाकी नाही, अॅल्युमिनियमचा पत्रा हातोडीने घडवून केलेलं अंग आहे. इंजिन मोटारसायकलचं, 1000 सीसी.

आता मीच का. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो तोडायला ताकद आठपट लागते. हवेपुरतं बोलायचं तर 100 मैलांना 10 हॉर्सपॉवर पुरत असेल तर 200 मैलांना 80 लागते. हजार सीसीच्या इंजिनातून ताकद काढून काढून किती काढणार? त्यापेक्षा गाडीचं समोरून दिसणारं क्षेत्रफळ कमी करायचं. आणि असल्या गाडीत सगळ्यात रुंद वस्तू इंजिन नसते, चालवणाऱ्याचे खांदे असतात. गॅरेजमधले सगळे पुरुष धिप्पाड आहेत. त्यांनी भिंतीवर कागद लावून प्रत्येकाच्या बसलेल्या आकृतीची रेघ मारली. माझी रेघ सगळ्यात आत होती. आई, मी अंगापिंडाने लहान म्हणून तू केवढी काळजी करायचीस. ही गाडी माझ्या मापाने बेतलेली आहे.

रस्त्यावरच्या रेसमध्ये वजन कमी करतात, इथे वाढवतात. मिठावर टायरची पकड डांबराइतकी नसते, चाक जागीच जास्त फिरतं आणि ताकद वाया जाते. म्हणून आम्ही शिशाच्या लाद्या घातल्या आहेत, पण कुठे घालायच्या यावर दोन महिने भांडण चाललं होतं. वजनाचा मध्य पुढे हवा आणि हवेचा दाब ज्या बिंदूवर पडतो तो मागे हवा. काडी मोडलेला दिवाळीतला बाण कसा भलतीकडे घुसतो, तसं या गाडीचं होतं, जर हे दोन बिंदू उलटे झाले. शेवटी बरीचशी लादी माझ्या पायांच्याही पुढे गेली आणि मागे शेपटीला उभा पंख आला.

तिथलं हवामानही हिशेबात धरावं लागतं. मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे 4,200 फुटांवर आहे आणि ऑगस्टच्या उन्हात हवा आणखी विरळ होते. गाडीला हवा कमी अडवते हे बरं, पण इंजिनालाही श्वास कमी मिळतो. ऊन खालून परत येतं, नाकपुड्यांच्या आतली कातडीसुद्धा भाजते. आई, तुझा तो सुती स्कार्फ मी नेणार आहे.

तू माझ्याकडून ऐकायला हवं ते आता लिहिते. चालवणाऱ्याभोवतीचा पिंजरा आम्ही आधी बांधला, बाकी गाडी त्याच्याभोवती. पावणेदोन इंची नळी, जाड भिंतीची. एका नळीचं तोंड दुसरीच्या गोलाईवर असं बसवायचं की मधून कागद सरकता कामा नये, मगच टाके मारायचे, मगच पूर्ण वेल्डिंग. बसत नसेल तर घासायचं, पुन्हा लावून बघायचं. फट वेल्डिंगने भरू, असं आमच्या गॅरेजमध्ये कुणी म्हणत नाही. पट्टा मला खांद्यांवर, कमरेला, मांड्यांमधून बांधतो. गाडी उलटली तर हात बाहेर जाऊ नयेत म्हणून मनगटांनाही बांधतात. अंगात अनेक थरांचा आग न धरणारा सूट, मान धरून ठेवणारी चौकट, आणि इंजिनावर नि माझ्या पायांशी दोन्हीकडे फवारणारं अग्निशामक. रन करू देण्याआधी निरीक्षक प्रत्येक बोल्ट बघतात, आणि सगळा जामानिमा अंगावर असताना मी स्वतःहून पटकन बाहेर येऊ शकते का हेही बघतात. त्याचा सराव मी रोज संध्याकाळी करते. इंजिन बंद, अग्निशामक ओढ, पट्टा सोड, बाहेर.

आणि नवख्याला एकदम पळू देत नाहीत. लायसन्सच्या पायऱ्या आहेत. पहिली ताशी 125 मैलांपर्यंत, म्हणजे 200 किलोमीटर. ती नीट झाली तर 150, मग 175, मग 200. सरळ रेषेत, मैलन्मैल मोकळं मीठ, एका वेळी ट्रॅकवर एकच गाडी. गिअर इतके उंच असतात की सुरुवातीला मागून पिकअप ढकलत नेते. शेवटी ब्रेकपेक्षा पॅराशूटवर भिस्त. त्याचा पट्टा गाडीला ज्या उंचीवर अडकवायचा ती वजनाच्या मध्याचीच उंची लागते, नाहीतर उघडताना तो गाडीचं एक टोक उचलतो. पॅराशूटची शिवण तपासायचं काम मी मागून घेतलं आहे. उन्हाने नायलॉन कमकुवत होतं आणि मीठ टाक्यांच्या आत जाऊन बसतं, म्हणून गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून प्रत्येक टाका बोटाने बघायचा. साड्यांना फॉल लावताना तू मला उसवायला लावायचीस ना, ती नजर इथे कामी येते आहे.

धोका नाही असं मी लिहिणार नाही. 2019 मध्ये ओरेगॉनच्या अॅल्व्हर्ड वाळवंटात वेगाचं रेकॉर्ड करू पाहणारी जेसी कॉम्ब्स अपघातात वारली. तिची गाडी जेट इंजिनाची, तिचा वेग आमच्या दुपटीहून कितीतरी जास्त, आणि पुढच्या चाकाचा भाग निकामी झाला. त्याच वाळवंटात 1976 मध्ये किटी ओ'नील या बहिऱ्या बाईने ताशी 512 मैलांचं रेकॉर्ड केलं होतं. दोघींचे फोटो आमच्या गॅरेजात आहेत. जेसीचा फोटो पुढच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, कामाच्या टेबलासमोर मी लावला आहे.

मीठच यंदा साथ देईल की नाही हेही सांगता येत नाही. 2014, 2015 आणि 2022 ला स्पीड वीक रद्दच करावा लागला होता. पाऊस चुकीच्या वेळी पडला की मैदान ओलं राहतं. शिवाय थर वर्षानुवर्षं पातळ होत चालला आहे. शेजारी पोटॅशसाठी खारं पाणी उपसतात, त्यातलं मीठ पंपाने परत मैदानावर सोडण्यासाठी रेसवाले कित्येक वर्षं सरकारदरबारी खेटे घालताहेत. पूर्वी जितका लांब ट्रॅक आखता यायचा तितका आता आखता येत नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं. असली जागा माणसाला बांधता येणार नाही.

बाबा, आता तुमच्याकडे काम आहे. पुढच्या हबचे स्पिंडल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते दांडे, मी लेथवर काढते आहे. स्टील 4340, म्हणजे आपल्या उद्यमनगरात ईएन 24 म्हणतात तेच जवळपास. जॉब गार झाल्याशिवाय माप घ्यायचं नाही, हे तुम्ही मला शिकवलं ते इथल्या पोरांनाही मी शिकवलं आहे. अडचण खांद्यापाशी आहे. जिथे व्यास बदलतो तिथला कोपरा तीक्ष्ण राहिला तर चीर तिथूनच सुरू होते, म्हणून मला मोठी गोलाई ठेवायची आहे. पण बेअरिंगच्या कडेच्या गोलाईपेक्षा ती मोठी झाली की बेअरिंग खांद्याला टेकत नाही. मी मध्ये आतून चॅम्फर केलेली, म्हणजे आतली कड तिरपी कापलेली, रिंग घालायचा विचार करते आहे. आमच्यातले एकजण म्हणतात, रिंग नको, खांद्यातच अंडरकट घे, म्हणजे कोपऱ्यात आत खाच काढ. मला अंडरकट नको वाटतो, कारण नेमक्या त्याच जागी मटेरियल कमी होतं.

आता वय झालं, डोळ्यांना दिसत नाही, हे सांगू नका. बर्ट मन्रो नावाचा न्यूझीलंडचा माणूस घरच्या शेडमध्ये स्वतः पिस्टन ओतायचा. 1920 च्या इंडियन मोटारसायकलवर त्याने 1967 मध्ये बोनव्हिलला रेकॉर्ड केलं, तेव्हा तो 68 वर्षांचा होता. त्याच्या वेगाच्या सरासरीत झालेली हिशेबाची चूक पुढे त्याच्या मुलाच्या लक्षात आली आणि 2014 मध्ये आकडा सुधारून 184 मैलांच्या वर नेला. ते रेकॉर्ड अजून पुस्तकात आहे. मी तर तुम्हाला फक्त ड्रॉइंग बघायला सांगते आहे.

ड्रॉइंग पत्रासोबत ठेवलं आहे, मोठ्या अक्षरांत, मापं मिलिमीटरमध्ये. लाल पेनाने त्यावरच लिहा आणि दादाला फोटो काढून पाठवायला सांगा. पुढच्या महिन्यात स्पिंडल हीट ट्रीटमेंटला जातील, त्याआधी हवं आहे. आई, रन सकाळी असतात. तिथले आठ म्हणजे तुमची संध्याकाळची साडेसात. रन झाला की सूट उतरवायच्या आधी मी फोन करेन, त्या वेळी मोबाइल चार्जिंगला लावून ठेवू नकोस, हातात ठेव.

तुमची,
मनू