हक्कसोडीवर सही करू नकोस

5 जानेवारी 2026

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

पवनचक्की कंपनीच्या एजंटाने तुला पुण्याला फोन करून हक्कसोडीचं विचारलं, हे काल बापूच्या तोंडून निघून गेलं. तू "आईशी बोलून सांगते" म्हणालीस ते बरं केलंस. फोनवर बोलायचं तर बापू ओसरीतच असतो, त्याच्यासमोर मला सगळं बोलता येत नाही, म्हणून कागद घेऊन बसले. आधी मुद्द्याचं सांगते: हक्कसोडीवर सही करू नकोस. आपल्या माळावर पंखे यावेत की नाहीत हा प्रश्न निराळा. मला विचारशील तर, कागद नीट झाला तर यावेत असंच माझं मत आहे. पण तुझं नाव सातबाऱ्यावरून गेलं की तो कागद नीट करून घ्यायला मी एकटी उरते, आणि मला आता तालुक्याच्या दोन चकरा मारल्या की तिसरी नको वाटते.

अण्णा गेल्यावर वारसनोंद लावली तेव्हा माझं, तुझं आणि बापूचं, अशी तिघांची नावं लागली. तेव्हाही भावकीने सुचवलं होतंच, की लेकीची हक्कसोड आत्ताच करून घ्या, पुढे कटकट नको. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर लेकीचा हिस्सा लेकाइतकाच, हे मी शाळेतल्या पोरींना सांगत आले. घरात वेगळं कसं वागू?

एजंट म्हणजे कुणी परका नाही. माझाच विद्यार्थी. दुसरीत असताना सातचा पाढा म्हणायला लावला की पाणी प्यायला पळायचा. आता हेक्टर-आर तोंडपाठ आहेत. आला, पाया पडला, "बाई, तब्येत काय म्हणते?" विचारलं आणि फाईल उघडली. कंपनीला सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या लागतात. दोघांच्या मिळवणं तिघांपेक्षा सोपं, म्हणून तुझा फोन नंबर शोधला त्याने. हे त्याने सरळ सांगितलं, म्हणून त्याचा राग येत नाही.

आता गावातलं ऐक. कोण बाजूने आणि कोण विरोधात हे कळायला माणसाचा स्वभाव बघायची गरज नाही, गट नंबर बघितला की पुरे. वरच्या माळावर ज्यांची पट्टी ते सगळे बाजूने. त्यांचं चुकतं असंही नाही. माळावर वीतभर माती, खाली मुरूम; करडई, हरभरा टाकायचा आणि देवावर हवाला ठेवायचा. त्यात सप्टेंबरच्या पुराने होती ती मातीही ओढ्यात नेली. आपला वरचा बांध फुटून नुसता खडक उघडा पडलाय, तू दिवाळीला बघितलासच. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये, आणि आपलं भिजलेलं सोयाबीन आडत्याने कितीला घेतलं ते बापूने तुला सांगितलं असेल; मला लिहायलाही नको वाटतं. अशा बरड रानाचं 29 वर्षं भाडं देतो म्हणून कुणी दारात आला तर माणूस हुरळणारच. बापूवर सोसायटीचं कर्ज आहे. त्याला मी लोभी म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस.

खालच्या शिवारातल्यांच्या वाट्याला पंखा नाही, रस्ता आहे. पंख्याचं एकेक पातं साठ-सत्तर मीटर लांब. ते घेऊन जाणारी गाडी मागच्या महिन्यात मी फाट्यावर बघितली. पुढे जीप, मागे जीप, दोन पोरं टपावर उभी राहून बांबूने विजेच्या तारा वर उचलत होती, आणि वळणावर मागची चाकं फिरवायला एक माणूस हातात रिमोटची डबी घेऊन गाडीशेजारून पायी चालत होता. एसटी तिष्ठत उभी. असल्या गाडीला आपली पाणंद कुठली पुरते? काळ्या रानात मुरूम अंथरून रुंद रस्ता होणार, त्यावरून क्रेन जाणार. दाबलेली काळी जमीन पुन्हा भुसभुशीत व्हायला किती पावसाळे जातात ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. आणि भरावाने ओघळ अडला की वरचं पाणी कुणाच्या तरी उभ्या पिकात घुसणार. तुझ्या मावसचुलत्यांचं रान त्या रेषेत आहे. ते सभेत तावातावाने बोलले, आणि लोकांनी "ह्यांना पंखा मिळाला असता तर बोलले असते का?" म्हणून हसण्यावारी नेलं. नसतेही बोलले कदाचित. पण म्हणून त्यांचं पाणी अडायचं थोडंच थांबणार आहे?

त्याच सभेत एका पोराने टाळ्या घेतल्या: "पंखा आमच्या उरावर, अन् मोटार चालू करायला आम्ही रात्री दोनला!" हे थोडं खरं, थोडं गडबडीचं. पंख्याची वीज 33 केव्हीच्या तारेने पूलिंग सबस्टेशनला, म्हणजे सगळ्या पंख्यांची वीज गोळा होते त्या केंद्राला जाते, तिथे दाब वाढवून राज्याच्या जाळ्यात सोडतात. मधूनच ती गावच्या डीपीला जोडता येत नाही. शिवाय आपल्याकडे वारा खरा जोर धरतो तो जून ते सप्टेंबर, म्हणजे मोटारीची गरज नसते तेव्हा. तरी शेतीला दिवसा वीज हवी ही मागणी रास्तच आहे. पंखे आले नाहीत तरीही रास्त.

पावसाचं तर विचारूच नकोस. पंखे ढग पांगवतात, हे आपल्याकडे आता बऱ्याच जणींच्या डोक्यात पक्कं बसलंय. सातारा-सांगलीकडेही पूर्वी दुष्काळी वर्षांत लोकांनी हेच बोलून रान उठवलं होतं. मी म्हटलं, अगं, बहात्तरच्या दुष्काळात कुठला पंखा होता? कोयनेच्या वर वनकुसवड्याच्या पठारावर पंचवीस वर्षांपासून रांगेने पंखे फिरताहेत, आणि तिथे पावसाळ्यात चार पावलांवरचा माणूस दिसत नाही. पाऊस येतो तो समुद्रावरच्या बाष्पाने आणि शेकडो कोसांच्या वाऱ्यांनी. पात्यांची टोकं जमिनीपासून दोनशे मीटरपर्यंत पोचली तरी त्या मानाने ती गवताची काडी. शेवटी सप्टेंबरने माझी बाजू मांडली. शेजारच्या डोंगरावर पंखे उभे असताना असा कोसळला की सीना नदी गावांत शिरली. मला वाटलं, आता तरी मिटलं. तर परवा पारावर ऐकलं, की पंख्यांमुळेच ढगफुटी झाली! शिकवण्याचा माझा सगळा जन्म ह्यातच गेला, म्हणून हसून घरी आले.

ज्याबद्दल खरोखर अभ्यास झालाय ते मात्र सभेत कुणीच काढलं नाही. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या लोकांनी पाहणी केली, ती 2018 ला छापून आली. पंखे असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चार पटींनी कमी, आणि त्यांची धास्ती न राहिल्याने सरडे तिपटीने वाढलेले. आपल्या माळावर घारी आणि ससाणे उठून गेले तर उंदरांचं काय होईल, हे कुणी मोजणार आहे का? सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केलं, तिथे आता माळढोक दिसणं मुश्कील. जड अंगाचा पक्षी, समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही. पंख्यापेक्षा पंख्याच्या तारा वाईट. जमिनीखालून केबल न्या म्हटलं की एजंट म्हणतो, "बाई, खर्च परवडत नाही."

मला सगळ्यात जास्त टोचतं ते गायरानाच्या कडेच्या वस्तीचं. तिथल्या कुणाच्या नावावर सातबारा नाही, त्यामुळे त्यांच्याकडे फाईल घेऊन कुणी गेलंच नाही. पंख्याच्या जागेची लाल रंगाची खुंटी जिथे ठोकलीय तिथून पहिलं पत्र्याचं घर किती दूर, हे तिथल्या एका बारावीच्या पोराने मोबाईलवर नकाशा काढून मोजलं. 340 मीटर. केंद्र सरकारची 2016 ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात की आवाजाचा त्रास टाळण्यासाठी घरांपासून 500 मीटरच्या आत पंखा नको. हे मी सभेत वाचून दाखवलं तेव्हा कंपनीचा माणूस म्हणाला, "ती घरं अधिकृत आहेत का?" कान काय अधिकृत घरातल्या माणसालाच असतात? माझा आवाज जरा चढलाच. चढू दे. धनगरांचंही तसंच. त्यांची मेंढरं पिढ्यान्पिढ्या त्या माळावर चरतात, आणि कागदावर ती कुठेच नाहीत.

आणि हे सगळं बोलायला दुसरी जागाही नाही. कोळशाचं वीजकेंद्र यायचं असतं तर पर्यावरण मंजुरी लागली असती, जनसुनावणी झाली असती. पवनचक्कीला ती लागत नाही. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाहीच. धूर नाही, राख नाही, म्हणून यादीत नसणं समजू शकते. पण रस्ता, तारा, आवाज ह्यांचं कुणी विचारायचं? एकेका शेतकऱ्याशी वेगळा करार, शेजाऱ्याला काय भाव मिळाला ते गुपित. भाऊ भावाला आकडा सांगेना झालाय गावात. म्हणून माझं म्हणणं, की गावाने एकत्र बसून एकच मसुदा ठरवावा: भाडं सगळ्यांना एका दराने, रस्त्यात जाणाऱ्यालाही वर्षाला पैसे, वस्तीपासून अंतर, ओघळींना नळ्या. मग खुशाल उभारा.

उघड बोलायला लोक बिचकतात, हेही तुला माहीत असू दे. बीड जिल्ह्यातलं मस्साजोग आपल्यापासून लांब नाही. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या सरपंचांचा खून झाला, आणि पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीतून ते घडलं असं तपास यंत्रणेने आरोपपत्रात म्हटलंय. तेव्हापासून पंख्याचा विषय निघाला की लोक आधी मागे वळून बघतात. कंपनीच्या बाजूने बोललं तरी कुणाच्या तरी डोळ्यावर, विरोधात बोललं तरी. आपल्या गावात तसलं काही नाही, तू घाबरू नकोस. पण बापूला संध्याकाळी एजंटाच्या गाडीतून धाब्यावर जाऊ नको म्हणून मी बजावलंय.

आता कागदाचं. मसुद्याची झेरॉक्स मी ठेवून घेतलीय, पत्रासोबत पाठवते. त्यातलं तीन ठिकाणी पेन्सिलने खूण केलेलं नीट वाच. एक म्हणजे भाडं 29 वर्षं तेवढंच राहणार, वाढ कुठेच नाही. एकोणतीस वर्षांपूर्वी माझा पगार किती होता ते आठव. पुढे लिहिलंय की कंपनी हा करार आम्हाला न विचारता दुसऱ्या कंपनीला देऊ शकेल. म्हणजे उद्या भाडं थकलं तर कुणाच्या दारात जायचं? आणि मुदत संपल्यावर पंखा कोण काढणार, ह्यावर एक अक्षर नाही. पंख्याच्या पायात शेकडो घनमीटर काँक्रीट आणि सळई पुरलेली असते. मुदत संपेल तेव्हा मी नसेन, बापू म्हातारा असेल, ते काँक्रीट तुमच्या पोरांच्या गळ्यात. हे काढायचा खर्च आधीच बँकेत ठेवीला टाका, अशी अट मी सुचवलीय. एजंट म्हणाला, वर विचारतो.

अजून एक. तो 500 च्या स्टॅम्पवर नोटरी करू म्हणतो. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. नोंद करायची नसेल तर का नाही, ते त्याला विचार. पुन्हा फोन आला तर गोड बोल, पण "नोंदणी करायच्या कराराचा मसुदा ईमेल करा" एवढंच सांग. तुझ्या ऑफिसात करार तपासणारी जी वकीलबाई आहे म्हणालीस, तिला झेरॉक्स दाखव. फी पडली तर मी देते, पेन्शन येते मला. विकत द्यायचं तर नावच काढू नका. अण्णांनी त्या पट्टीतले दगड वेचून बांध घातला होता.

बापूशी भांडू नकोस. त्याला वाटतं, बहीण पुण्यात फ्लॅटमध्ये राहते, तिला ह्या खडकाचं काय? सून तर मला म्हणाली, "ताईंना भाड्यातला तिसरा हिस्सा हवाय का, तेवढं सांगा." मी म्हटलं, ते तिलाच विचार. ते तू ठरव, आणि ठरवलंस की बापूला तुझ्या तोंडाने सांग, माझ्यामार्फत नको. भाड्याचा हिस्सा त्याला सोडून द्यायचा असेल तर खुशाल सोड, पण सातबाऱ्यावरचं नाव सोडू नकोस. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एजंट त्या मुद्दाम एक करून सांगतोय.

ग्रामसभा 26 जानेवारीला, झेंडावंदन झाल्यावर. आदल्या दिवशी महिलांची सभा आहे. तिथे वस्तीवरच्या बायका बोलणार आहेत, तशा तयार झाल्यात. 26 ला सोमवार आहे, तेव्हा जोडून सुट्टी मिळेल. शनिवारी रात्रीच्या गाडीने निघालीस तर दोन्ही सभा सापडतील. सहहिस्सेदार म्हणून तू समोर बसलीस की माझ्या विद्यार्थ्याला मसुदा पुन्हा टाईप करून आणावा लागेल. येताना आधार कार्ड आण, आणि जावईबापूंना सांग की मुलांना आणलं तरी चालेल, हरभऱ्याचा हुळा निघालाय.

तुझी,
आई