चाळणी म्हणू नका, चिक्की म्हणा

मा. संपादक, स.न.वि.वि.

२०२५ चं केमिस्ट्रीचं नोबेल मॉफवाल्या (मॉफ म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेली सच्छिद्र जाळी) कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना मिळालं तेव्हापासून पेपरात 'कार्बन पकडणारी जादूची चाळणी' असं काहीबाही येतंय, म्हणून लिहितोय. मी बायोगॅस प्लांटवर काम करतो. आमच्या गॅसमध्ये साधारण ६० टक्के मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि तो काढल्याशिवाय गाडीत भरायचा सीबीजी (दाबून भरलेला बायोगॅस) होत नाही, त्यासाठी मिथेन किमान ९० टक्के लागतो.

आता गंमत बघा, कार्बन डायऑक्साइडचा रेणू ३.३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आणि मिथेनचा ३.८, म्हणजे फरक अर्ध्या अँगस्ट्रॉमचा! एवढ्या फरकावर पडद्याने एकाला सोडायचं आणि दुसऱ्याला अडवायचं. नुसत्या प्लास्टिकच्या (पॉलिमरच्या) पडद्यातून गॅस भराभर सोडला की निवड बिघडते, निवड सुधारली की वेग मरतो, हे लॉइड रोबसन या शास्त्रज्ञांनी (नोबेलवाले रॉब्सन वेगळे) १९९१ मध्येच ग्राफ काढून दाखवलंय. म्हणून पॉलिमरमध्ये झिफ-८ सारख्या सच्छिद्र मॉफचे बारीक कण मिसळून हायब्रीड पडदा करतात, आपल्या पुण्यातल्या एनसीएलमध्येपण (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) यावर काम झालंय.

पण खरी डोकेदुखी छिद्रांची नाहीच हो, मॉफचे कण प्लास्टिकला नीट चिकटण्याची आहे. चिक्कीत गुळाचा पाक नीट बसला नाही की दाण्याभोवती फट राहते ना, तसंच इथे, आणि त्या फटीतून दोन्ही गॅस बिनधास्त निघून जातात. त्यात आमचा गॅस ओला, वर हायड्रोजन सल्फाइडचा वास. लॅबमध्ये बाटलीतला कोरडा गॅस वापरून आलेला आकडा छापताना एवढं तरी विचारा की पडदा ओल्या गॅसवर किती महिने टिकला.

– एक वाचक