त्या रात्री कुणालाच न दिसलेल्या दादांना

आदरणीय दादा,
सा. न. वि. वि.

नाव कुठे लिहू नका असं तुम्ही निक्षून सांगितलंत, म्हणून नुसतं 'दादा'. पण पत्र उघड लिहायचंच होतं. दोनापावलाच्या हॉटेलात जेवून गेलेल्या आमच्या पावणेतीनशे डीलरांपैकी कुणालाही तुम्ही तुमची माणसं घेऊन तिथे सुरक्षेसाठी होता हे ठाऊक नाही.

आदल्या वर्षी दुसऱ्या एका सुरक्षा एजन्सीने दारात काळ्या टी-शर्टातले बाउन्सर उभे केले होते. डिचोलीचे आमचे सर्वांत जुने डीलर गळ्यात बिल्ला घालायला विसरले, तर त्यांना चारचौघांत खांद्याला धरून मागे सारलं. ते न जेवता परतले. मी माफी मागायला घरी गेले तेव्हा त्यांच्या पत्नीने चहा दिला. ते बाहेर आलेच नाहीत.

म्हणून यंदा मी धास्तावलेली होते. माणसं किती देणार, असं मी विचारलं, तर तुम्ही उलट विचारलंत, "पाहुणे कोण कोण आहेत?" खासगी सुरक्षा एजन्सींसाठीच्या 2005च्या कायद्याखालचा परवाना न मागता पुढे ठेवलात. माणसांचं 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष कामावर शिक्षण झालंय, हे सांगितलंत. आणि म्हणालात, "बाई, आम्ही पोलीस नव्हे. कुणाला डांबून ठेवायचा हक्क आम्हाला नाही. तशी वेळ आली तर 112ला फोन." आदल्या दिवशी स्वयंपाकघरामागचा जिना, मालाची लिफ्ट, रात्री कुणाला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी इस्पितळात, न्यावं लागलं तर गाडी कुठून काढायची, सगळं पायी फिरून पाहिलंत.

आणि मग ते गृहस्थ आले. एप्रिलमध्ये त्यांची डीलरशिप बंद झाली होती. अर्धा तास पार्किंगमध्ये गाडीतच बसून होते, हे तुमच्याच नजरेत आलं. आत साहेबांचं भाषण चालू होतं. तुम्ही साध्या शर्टात, हातात पाण्याची बाटली घेऊन त्यांच्याकडे गेलात आणि आधी विचारलंत, "जेवलात काय?" पोर्चच्या कट्ट्यावर त्यांच्याशेजारी बसलात आणि बोलावलंत ते मला, तुमच्या माणसांना नव्हे.

मी गेले तेव्हा ते रडत होते. त्यांची अनामत रक्कम आमच्याकडे अडकली होती. चूक आमचीच होती. कागद मी तिथेच घेतले, पंधरा दिवसांत पैसे त्यांच्या खात्यात गेले. तुम्ही त्यांना दारातून हाकललं असतं तर ही गोष्ट माझ्यापर्यंत कधीच आली नसती. तुमचा एक माणूस फोनवर बोलत असल्यासारखा हॉलच्या दारात आणि दुसरा लिफ्टपाशी सरकला होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

साडी नेसून पाहुण्यांत मिसळलेल्या तुमच्या त्या ताईंनाही माझा नमस्कार सांगा. एक पाहुणा नोंदणीच्या टेबलावरच्या आमच्या मुलीला सारखा छळत होता. ताई तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या, आणि रात्री साडेअकराला सगळ्या मुली बसमध्ये चढेपर्यंत हलल्या नाहीत.

डिचोलीचे काका यंदा आले होते, दादा. पोटभर जेवले.

तुमच्या माणसांना मात्र त्या रात्री साडेबारानंतर गार जेवण मिळालं. ते मला फार लागलंय. पुढच्या वेळी त्यांची ताटं मी स्वतः आधी वाढून घेईन.

आपली कृतज्ञ,
प्रशासन विभागातली बाई, वेर्णा