फुगडीत न सुटलेला हात

निपाणी
नागपंचमीनंतरचा रविवार

प्रिय शोभे,

सप्रेम नमस्कार. परवा तुझा फोन आला तेव्हा दादा-वहिनी समोरच बसले होते, म्हणून "सगळं बरं आहे" एवढंच बोलून ठेवला. बरं नव्हतं गं. फोनवर बोलण्यासारखंही नव्हतं, म्हणून हे पत्र.

पंचमीला गल्लीत पोरी फुगडी घालत होत्या. मी दारात उभी होते आणि मला आपली सातवीतली पंचमी आठवली. तू "सोड की गं!" म्हणून ओरडत होतीस आणि मी सोडत नव्हते. शेवटी तू फरशीवर आपटलीस, गुडघा फुटला. सगळ्यांना वाटलं मी मुद्दाम केलं. मी जीव तोडून बोटं उघडायला बघत होते, ती उघडतच नव्हती. तू घरी "पाय घसरला" म्हणून सांगितलंस. त्या वयात तुला हे कसं सुचलं, याचं मला अजून नवल वाटतं.

पुढेही तूच सांभाळलंस. देवचंद कॉलेजला जाताना बस दिसायच्या आधीच मला बाकावरून उठवायचीस, चार पावलं चालवून आणायचीस, कारण बसलेली मी एकदम उठले तर पाय लाकडाचे व्हायचे. चालायला लागलं की दहा-बारा पावलांत मोकळे. शाळेत शिट्टी वाजल्यावर मी जागीच खिळायची, म्हणून "सोंगाडी" म्हणून उन्हात उभी केलेली. आईबरोबर विड्या वळायला बसले तर टेंभुर्णीचं पान कापताना कात्रीत बोटं अडकून राहायची. ती दिवसाला हजार विड्या वळायची, माझ्या शंभर होत नसत. नळावर कळशी उचलताना हातातलं बळच क्षणभर निघून जायचं. आईनं सौंदत्तीला नवस बोलला, फेडलाही. आणि दंड-पिंढऱ्या मात्र तालमीतल्या पोरासारख्या! त्यामुळे "एवढी धडधाकट पोरगी" म्हणत कुणी विश्वासच ठेवला नाही.

या दुखण्याचं नाव कळायला मला सेहेचाळीस वर्षं लागली. मायोटोनिया कंजेनिटा, त्यातला बेकर प्रकार.

डॉक्टरांनी दंडात बारीक सुई घातली आणि यंत्राचा आवाज मोठा केला. शोभे, माझ्या स्नायूचा आवाज मी ऐकला! कुणी बुलेटचा अ‍ॅक्सिलेटर पिळावा आणि हळूहळू सोडावा, तसा चढत जाऊन उतरणारा. मी हात सैल टाकला होता, तरी स्नायू आपला आपणच वाजत होता. मला रडू फुटलं. डॉक्टरांना वाटलं सुई दुखली. मला एवढंच वाटत होतं की हा आवाज त्या उन्हातल्या मैदानावर ऐकवता आला असता तर.

आता हे होतं कसं, ते सांगते. तूही सायन्सची, तुला आवडेल. मेंदूकडून निरोप येतो, स्नायूच्या पेशीत सोडियम शिरतं आणि पेशी चेतते. मग पोटॅशियम बाहेर येतं आणि पेशी निवते. पण स्नायूच्या पेशीत पृष्ठभागापासून आत खोल गेलेल्या अतिशय बारीक नळ्या असतात. बाहेर आलेलं पोटॅशियम त्या नळ्यांत साचतं आणि पेशीला पुन्हा चेतवायला बघतं. तिथं तिला शांत ठेवायचं काम क्लोराइडचं. स्वस्थ बसलेल्या स्नायूत पडद्यातून विजेची जी ये-जा चालते, तिचा ७० ते ८० टक्के वाटा एकट्या क्लोराइडचा असतो. क्लोराइडची ती वाट माझ्यात बंद आहे. म्हणून मेंदूचा निरोप संपला तरी स्नायू स्वतःच पुन्हा पुन्हा चेतत राहतो. नस बिचारी कधीच गप्प झालेली असते. मिठात सोडियम आणि क्लोराइड दोन्ही एकत्र नांदतात, आणि माझ्या देहात एक पेटवतो तर दुसऱ्याला विझवायला दारच नाही, हे मी आईला असंच सांगितलं. ती लगेच म्हणाली, "मग मीठ जास्त खा." तसं नसतं गं. क्लोराइड रक्तात भरपूर आहे, दार बंद आहे.

हे दार म्हणजे एक प्रथिन. दोन सारखे भाग एकमेकांना चिकटलेले, आणि प्रत्येक भागाला स्वतःचं भोक, दुनळी बंदुकीसारखं. ते घडवणाऱ्या जनुकाचं नाव सीएलसीएन१, सातव्या गुणसूत्रावर. १९९० साली थॉमस येंच यांच्या गटाला या घराण्यातलं पहिलं दार सापडलं ते विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशात, आणि त्याच्या धाग्यानं पुढच्याच वर्षी स्नायूतलं. त्याच्याही आधी अमेरिकेत टेनेसीतल्या शेळ्यांनी वाट दाखवली होती. त्या दचकल्या की ताठ होऊन आडव्या पडतात. त्यांच्या स्नायूत क्लोराइडची ये-जा कमी आहे, हे ब्रायंट नावाच्या संशोधकानं दाखवलं. मी त्या शेळ्यांचा व्हिडिओ पाहिला. लोक हसत होते. मला हसता आलं नाही.

पण ज्यानं मला खरं हलवलं तो माणूस म्हणजे युलियस थॉमसेन. श्लेस्विग भागातला डॉक्टर, आणि स्वतः याच दुखण्याचा. त्याच्या घराण्यात ते पिढ्यान्‌पिढ्या होतं. त्याच्या मुलावर प्रशियाच्या सैन्यात जायचं टाळायला सोंग करतो असा आळ आला, तेव्हा त्यानं १८७६ साली स्वतःच्या घराण्याची कहाणी वैद्यकीय नियतकालिकात छापली. बापानं मुलासाठी अख्ख्या घराण्याचं गुपित जगापुढे मांडलं. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या भरतीसाठी पहाटे धावणारी पोरं दिसली की मनात येतं, यातलं एखादं सुरुवातीच्या शिट्टीलाच खिळत असेल का, आणि त्याला कोण काय म्हणत असेल.

थॉमसेनच्या प्रकारात आई किंवा बाप, एकाकडून त्या जनुकाची बिघडलेली प्रत आली तरी पुरते, कारण बिघडलेला भाग शेजारच्या चांगल्या भागालाही नासवतो. माझ्या प्रकारात तसं नाही. चांगली एक प्रत असली तर तिच्यावर भागतं, माणूस धडधाकट राहतो. दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या तरच दुखणं. माझ्या दोन्ही प्रतींत अगदी तोच बदल सापडला. आई-बाबा सख्खे आते-मामे भावंडं, दोघांच्या आजीआजोबांची एक जोडी एकच. आजवर गुपचूप चालत आलेली ती खोट दोन वाटांनी येऊन माझ्यात भेटली.

डॉक्टरांनी आधी डोळे आणि हृदयही तपासलं होतं. मायोटोनिक डिस्ट्रॉफी म्हणून एक जास्त घातक आजार आहे. त्यात बिघाड एकोणिसाव्या गुणसूत्रावर असतो, पण त्यानं हे क्लोराइडचं दार घडवायचा जनुकाचा निरोपही चुकीचा जोडला जातो आणि हात असेच अडकतात. तो नाही, एवढं ऐकूनच मी सुटकेचा श्वास टाकला. माझ्या दुखण्यानं आयुष्य कमी होत नाही.

ईसीजी काढून मेक्सिलेटिन सुरू केलंय. मूळचं हृदयाच्या ठोक्यांचं औषध. ते क्लोराइडचं दार उघडत नाही, सोडियमचा लोंढा आवरतं. २०१२ साली ५९ रुग्णांवरच्या चाचणीत त्यानं ताठरपणा कमी होतो हे दिसलं. पोटात जळजळतं, म्हणून जेवणावर घेते. परवा आयुष्यात पहिल्यांदा मी जिना न थांबता चढले. पर्समध्ये एक चिठ्ठीही ठेवलीय, भूल देताना सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करायचं औषध वापरू नये म्हणून. त्यानं जबडा आणि छाती ताठ होऊ शकते.

आता मूळ गोष्ट. दादा-वहिनी माझ्या लेकीला मागणी घालायला आले होते, त्यांच्या थोरल्यासाठी. पोरगा गुणी आहे, दोघांचं जमतंही. आई तर हरखून गेलीय. मामाच्या घरी पोरगी जायची म्हणजे आपल्याकडे सोनंच. पण मी कागदावर हिशेब मांडला. माझ्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, म्हणजे लेकीकडे एक नक्की आहे. दादा निरोगी, पण त्याच्याकडे एक प्रत असण्याची शक्यता तीनात दोन. त्याच्या मुलाकडे ती गेली असण्याची तीनात एक. लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात बारात एक वेळा माझ्यासारखं मूल. अनोळखी घरात ही शक्यता कितीतरी पटींनी कमी.

मी नकार दिला नाही, शोभे. एवढंच म्हटलं, दादा, आधी तुझं रक्त तपासू. माझा बदल माहीत आहे, तेवढाच एक शोधायचा. नसला तर या दुखण्याची भीती जवळजवळ उरत नाही, आनंदानं लग्न करू. असला तर मुलाचं बघू. दादा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्या रक्तात खोट काढतेस?" आमच्या म्हणाला. मी जणू दुसऱ्याच आईची.

रिपोर्ट बेंगळुरूहून आलेला, सगळा इंग्रजीत. डॉक्टर कन्नडमधून समजावतात. आईला दोन्ही कळत नाही, आणि मी मराठीत सांगितलं की तिला वाटतं मी तिच्या लग्नाला दोष देतेय. "तुझ्या बाबांशी लग्न केलं ते चुकलं का माझं?" म्हणून रात्रभर जेवली नाही. तिचं काही चुकलं नाही. हे तिला पटेल असं सांगायला मला शब्द सापडत नाहीत.

तू आईची लाडकी. तुझं ती ऐकते. गणपतीला येशील तेव्हा दोन दिवस आधी सांगलीहून निघ. तो गुडघा तिला दाखव, खूण अजून असेल तर. त्या दिवशी पाय घसरला नव्हता, हिचा हात सुटत नव्हता, आणि हिला सोडायचं होतं, हे तुझ्या तोंडून तिला कळू दे. मग दादाकडे आपण तिघी मिळून जाऊ.

स्टँडवर मी घ्यायला येईन. उशीर झाला तर थांब.

तुझीच,
सुमन